माझ्या हयातीपुरतं घर

लोद, इस्राएल, डिसेंबर १९९८

प्रिय ग्रेस,

तुला आणि माझ्या नोआला या म्हातारीचा शालोम, आणि नोआच्या दोन्ही गालांना एकेक पापा. या वेळी पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवलेलं नाही. फॅक्टरीत नाओमी तुझ्या शेजारी बिस्किटांच्या पट्ट्यावर उभी असते आणि तिची बहीण इथे लोदला आमच्याच गल्लीत राहते. नाओमी बहिणीकडे आली आहे, तिच्याच हाती देणार आहे. काय आहे, कशाला, असं तिने काही विचारलं नाही. "भाजीच्या पिशवीत तळाशी ठेवीन आणि रविवारी देईन, हिल्डाकाकू," एवढंच म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत वाच आणि वाचून झालं की तिलाच परत दे. घरी नेऊ नकोस, बाय. का, ते सांगणारच आहे, पण एकदम लिहायला घेतलं की हात थांबतो. म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहिते, त्यातूनच मूळ गोष्टीपर्यंत येईन.

गेल्या महिन्यात सिनेगॉगमध्ये नवसाचा मलिदा झाला. यरुशलेमहून कोणाची तरी सून आली होती, तिने पोहे इतके भिजवले की लापशी झाली. सगळ्या बायकांनी तुझी आठवण काढली. ग्रेसच्या हातचे पोहे कसे मोकळे होतात, आणि ती हल्ली दिसत का नाही, असं दोघीतिघींनी विचारलं. मी म्हटलं, तिला फॅक्टरीतून सुट्टी मिळत नाही. इकडे पाऊस लागला तसं न्हाणीघरावरचं छत गळायला लागलं आहे. खाली बादली ठेवली आहे, ती भरली की ओतून पुन्हा ठेवते. तुझ्या नवऱ्याला, माझ्या दोरोनला, सांगितलं तर म्हणाला, जे घर विकायचं आहे त्याच्या छताला डांबर कशाला फासायचं? असं सहज म्हणाला आणि माझ्या हातचा चहा पिऊन गेला.

या घराचं तुला कोणी नीट सांगितलं नसेल. दोरोनने तर नाहीच. हे घर मुळात पप्पांच्या, म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या, थोरल्या भावाचं. त्याने लग्न केलं नाही, रेल्वेत नोकरी केली आणि जाताना घर पप्पांच्या नावावर केलं. आम्ही मुंबईहून आलो तेव्हा सुरुवातीची वर्षं पत्र्याच्या खोलीत काढली होती, त्यामुळे हे दोन खोल्यांचं, वरच्या मजल्याचं घर मिळालं तेव्हा मी दारात उभी राहून रडले होते. दोरोन तेव्हा रांगत होता. इथल्या फरशीवर तो चालायला शिकला. तुझे सासरे विमानतळावरच्या वर्कशॉपमधून तेलकट हातांनी यायचे आणि त्याला उचलून घेण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. तेव्हाचा दोरोन तुला दाखवायला हवा होता. मी किचनमध्ये कांदा चिरताना माझे डोळे पुसायला फडकं घेऊन उभा राहायचा.

पप्पा गेले आणि महिन्याने त्यांचं मृत्युपत्र वाचून दाखवलं. घर दोरोनला. आणि मला? मला त्या घरात हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क. बस्स. वकिलाने हिब्रूत वाचलं, मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली, म्हणून पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच. इतकी वर्षं ज्या घराची फरशी मी गुडघ्यावर बसून पुसली तिथे मी आता कोण, तर मरेपर्यंत राहणारी एक बाई! ग्रेस, मी मेलेल्या माणसावर रागावले. त्यांच्या फोटोपुढे दिवा लावायचे, पण फोटोकडे बघत नसे. बाहेर आल्यावर दोरोनने माझा हात धरला आणि म्हणाला, "इमा, कागदाचं काय घेऊन बसलीस, घर तुझंच आहे." मला किती बरं वाटलं! मनात म्हटलं, बापाने विश्वास ठेवला नाही, पण मुलगा ठेवतो आहे.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग तो न सांगता यायला लागला. त्याच्याकडे किल्ली होतीच. मी दुपारी आडवी झालेली असताना दाराचा आवाज व्हायचा आणि तो आत उभा दिसायचा. कधी एकटा नसायचा. एकदा एक माणूस टेप घेऊन भिंती मोजून गेला. एकदा एक जोडपं आलं. बाईने माझं न्हाणीघर बघितलं, नळ सोडून बघितला, माझं कपाट उघडून ते किती खोल आहे ते हात घालून बघितलं. माझे झगे तिथे टांगलेले होते. मग तिने दोरोनला विचारलं, "आणि ह्या किती वर्षांच्या आहेत?" मला नाही विचारलं. त्याला विचारलं. दुकानात दुधाच्या पिशवीवरची तारीख बघतात ना, तशी ती माझ्याकडे बघत होती. दोरोन म्हणाला, "सत्तरीला आल्या, पण तब्येत तशी बरी नसते." ती मान हलवून म्हणाली, "बरं."

त्या दिवसापासून मला घराबाहेर पडायची भीती वाटायला लागली. दोरोननेच एकदा बोलता बोलता म्हटलं होतं की राहण्याचा हक्क म्हणजे राहिलं तर हक्क, घर सोडलं की गेला. मला वाटायचं, मी बाजारात गेले आणि तेवढ्यात त्याने कुलूप बदललं तर? बटाटे घेताना माझं लक्ष घड्याळाकडे. बसला उशीर झाला की पिशवी उचलून चालतच घरी निघायचे. बेर्शेव्याला माझ्या भाचीच्या मुलाच्या बार मित्झ्वाचा समारंभ होता, तिथेही गेले नाही. पाय दुखतो म्हणून कळवलं. गुरुवारी क्लबात बायका जमतात तिथे जाणं सोडलं. घर माझ्यासाठी होतं की मी घरासाठी, तेच कळेनासं झालं.

मग या उन्हाळ्यात तो कागद घेऊन आला. मी बुरी मासे साफ करत होते. गॅसवर डाळ होती. त्याने कागद टेबलावर ठेवला आणि पेन काढलं. म्हणाला, "इमा, सही कर. अश्दोदला एक चांगला वृद्धाश्रम आहे, तिथे आपल्या तीन हिंदी बायका आहेत, गप्पा मारायला मिळतील. इथे एकटीने कशाला मरतेस?" मी म्हटलं, "काय लिहिलंय ते वाच तरी." तो म्हणाला, "हेच की तुला हे घर नको." मी म्हटलं, "मला विचार करू दे, दोरोन." तो ओरडला नाही, ग्रेस. तो ओरडला असता तर मीही ओरडले असते, शेजारचे आले असते. त्याने डाळीखालचा गॅस बंद केला. मग किचनचं दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. नुसता बघत राहिला. ते माझ्या पोटच्या मुलाचे डोळे होते आणि मला त्यात ओळखीचं काही दिसेना. मी हात पुसले, पण खवले चिकटलेच होते. तशीच सही केली. त्याने कागदावरचा ओला डाग रुमालाने टिपला, घडी घातली आणि माझ्या डोक्यावर ओठ टेकवले. दार उघडलं आणि गेला.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते लिहून काही कळायचं नाही. कोणी बेल वाजवली की वाटायचं, सामान न्यायला आले. पेटी काढून पप्पांचा कोट, माझी लग्नाची साडी, शबातची मेणबत्तीदाणी त्यात भरून ठेवली, म्हणजे घाईघाईत काही राहून जायला नको. कोणाला सांगायचं? स्वतःच्या मुलाला घाबरते हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी कोणालाच सांगितलं नाही.

आणि मग सुक्कोतच्या सणाला तू नोआला दोन दिवस माझ्याकडे ठेवलंस. आम्ही दोघी जमिनीवर बसून कागदाच्या साखळ्या करत होतो. तिची बडबड चालली होती, माझं मराठी आणि तिचं हिब्रू, नेहमीसारखं. तेवढ्यात दारात किल्ली फिरली. दोरोन आला होता. त्या आवाजाबरोबर पोर बोलायची थांबली. साखळी खाली ठेवली. टेबलाखाली गेली, पार भिंतीपर्यंत, आणि मला हाताने खुणावून जवळ बोलावलं. मी वाकले तर तिने आपला इवलासा तळहात माझ्या तोंडावर ठेवला आणि कानात म्हणाली, "शेकेत, सावता. शेकेत." आजी, गप्प राहा. कोणीतरी शिकवल्याशिवाय पाच वर्षांच्या मुलीला हे येत नाही. तिला कोणी शिकवलं असेल ते मी ओळखलं. तूच शिकवलं असणार, तिच्या भल्यासाठी.

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसायला लागली. मी फोन करते तेव्हा तू मराठीत उत्तर देत नाहीस. "हाकोल बेसेदेर, हाकोल बेसेदेर," सगळं ठीक, सगळं ठीक, असं म्हणतेस, कोणीतरी समोर उभं राहून तुला म्हणायला लावल्यासारखं. तू हसतेस आणि हसता हसता दाराकडे बघतेस. तू मलिद्याला येत नाहीस. आणि त्याच्याही आधीचं एक आठवलं, जे मी इतकी वर्षं बाजूला सारून ठेवलं होतं. दोरोन सैन्यात असताना सुट्टीवर आला होता. त्याला गाडी हवी होती, पप्पा नाही म्हणाले. मी खाली कपडे वाळत घालत होते. वर आले तर पप्पा मनगट धरून बसलेले आणि मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. हॉस्पिटलात ते म्हणाले, जिन्यावरून पाय घसरला. मलाही तेच म्हणाले, आणि मरेपर्यंत तेच म्हणत राहिले. पण त्या दिवशी जिना कोरडा होता, ग्रेस, आणि मी त्याच जिन्यावरून वर आले होते.

नोआ गेल्यावर मी क्लबात गेले. तिथे आठवड्यातून एका सकाळी ओशरात नावाची एक मुलगी बसते. आपल्यातलीच आहे, तिची आजी आणि मी भायखळ्याला एका शाळेत होतो. मुलगी वकील झाली आहे आणि म्हाताऱ्यांचे कागद फुकट बघून देते. मी मराठीत बोलले, तिने हिब्रूत उत्तरं दिली, मध्ये मध्ये "आजी" एवढं मराठीत. मी पप्पांचं मृत्युपत्र नेलं होतं. तिने ते सगळं वाचलं, एक पान उलटून पुन्हा मागे आली आणि मला विचारलं, "हे तुम्हाला कोणी समजावून सांगितलं होतं का?" मी म्हटलं, "घर मुलाचं, मी मरेपर्यंत राहायचं, एवढंच ना?" ती म्हणाली, "एवढंच नाही."

मग तिने जे सांगितलं ते मी तुला माझ्या शब्दांत सांगते, नीट वाच. मला हे घर विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, भिंत पाडता येत नाही. मी मेले की माझ्या हक्कातलं काहीच कोणाला जात नाही, त्याच दिवशी सगळं संपतं. आर्नोना, म्हणजे नगरपालिकेचा कर, आणि विजेचं बिल मी भरायचं. छताची दुरुस्ती मात्र मालकाची, म्हणजे दोरोनची. त्याला घर विकायचं तर विकू दे, पण घेणाऱ्याला ते माझ्यासकट घ्यावं लागणार. हॉस्पिटलात गेले, भाचीकडे राहायला गेले, तर हक्क जात नाही. आणि मी हयात आहे तोवर घराचा ताबा माझा. मालकालासुद्धा मी "ये" म्हटल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नाही. मी म्हटलं, "अगं, पण त्याच्या नावावर आहे!" ती म्हणाली, "नावावर असू दे. दार तुमचं आहे."

मी मग तिला त्या सहीबद्दल सांगितलं. तिने मृत्युपत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. पप्पांनी लिहून ठेवलं होतं की हिल्डाला हा हक्क कधी सोडायचा झाला तर तो कागदावर सोडता येणार नाही, तिने कोर्टात न्यायाधीशासमोर एकटीने उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. "तुम्ही सही केलेला कागद मासे गुंडाळायला चालेल," ओशरात म्हणाली. तिला माशांचं काही माहीत नव्हतं. मी हसले आणि हसता हसता रडायला लागले.

बसमधून येताना मला तुझ्या सासऱ्यांचं मन कळलं. घर सगळं माझ्या नावावर केलं असतं तर पहिल्याच मागणीला मी ते दोरोनला देऊन टाकलं असतं. मी त्याला आयुष्यात कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? म्हणून त्यांनी मला अशी वस्तू दिली जी मला देऊन टाकता येणार नाही. मी किचनमध्ये घाबरून सही करीन हे त्यांना आधीच दिसलं होतं. मी तीन वर्षं ज्या माणसाच्या फोटोकडे बघितलं नाही त्याने माझ्या मुलापासून मला वाचवायची सोय केली होती, आणि मुलाची अब्रू जायला नको म्हणून त्याचं कारण मात्र कुठेच लिहिलं नव्हतं.

दोरोनलाही त्याच्या वकिलाने तेच सांगितलं असणार. कारण खानुकाच्या सणाआधी तो आला आणि म्हणाला, "गुरुवारी कोर्टात जायचंय. न्यायाधीश बाई विचारेल, तू हो म्हण. दोन मिनिटांचं काम." ओशरातकडे मी गेले होते हे त्याला ठाऊक नव्हतं. गुरुवारी त्याने मला गाडीत बसवलं, पट्टा स्वतः लावून दिला. वाटेत रेडिओ चालू होता. लाल दिव्याला गाडी थांबली तेव्हा तो पुढेच बघत म्हणाला, "नोआ तुला भेटत राहावी असं वाटतं ना, इमा?" बस, एवढंच.

न्यायाधीश बाई होती, चष्मा लावलेली, थकलेली. तिने दोरोनला बाहेर थांबायला सांगितलं. तो माझ्याकडे बघून बाहेर गेला. दार बंद झालं. तिने विचारलं, "गिवेरेत हिल्डा, घरात राहण्याचा हक्क तुम्ही तुमच्या स्वतःच्या इच्छेने सोडता आहात का?" मला त्या बंद दारामागे तो उभा दिसत होता. मला नोआ दिसत होती. मी म्हटलं, "नाही." पण ते मराठीत आलं, ग्रेस. तिला कळलं नाही. तिने मान पुढे करून विचारलं, "काय म्हणालात?" आता मला बदलता आलं असतं. एकदा नाही म्हणून झालं होतं, पण ते कोणी ऐकलंच नव्हतं. हो म्हटलं असतं तर मुलगा खूश, नातीची भेट चालू, घरी नेऊन सोडलं असतं. मी टेबलाची कड धरली आणि हिब्रूत म्हटलं, "लो." तिने लिहून घेतलं. मग पेन ठेवून हळूच विचारलं, "तुम्हाला कोणी घाबरवतं का?" मी म्हटलं, "मला जरा पाणी हवं." त्या एका शब्दानंतर माझ्यात काही उरलं नव्हतं.

बाहेर पहारेकरी होता म्हणून दोरोन ओरडला नाही. त्याने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. जवळ आला, माझ्या कोटाची कॉलर सरळ केली आणि अगदी हळू म्हणाला, "ठीक आहे, इमा. तू काही कायमची नाहीस. मला थांबता येतं." मला तिथेच सोडून तो गेला. मी बस चुकीची धरली, रमला गावाच्या भलत्याच टोकाला उतरले, एका दुकानदाराने मला रस्ता दाखवला. घरी येऊन ओशरातला फोन केला, तिने त्याच संध्याकाळी कुलूपवाल्याला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, दोरोन आला. किल्ली लागेना. त्याने दोनदा तीनदा फिरवून बघितली. बेल वाजवली, मग दार ठोकलं, मग मुठीने ठोकलं. मी आतल्या बाजूला उभी. तो म्हणाला, "उघड. हे माझं घर आहे." मी म्हटलं, "हो, तुझंच आहे. पण मी आहे तोवर इथे कोणी यायचं ते मी ठरवणार." माझाच आवाज मला परका वाटला. तो दारावर जोरात लाथ मारून म्हणाला, "तू माझी आई आहेस!" शेजारच्या मोरोक्कन बाईने दार उघडलं, खालच्या मजल्यावरचे दोघे वर आले, आणि तो गेला. मी शूर झाले असं समजू नकोस. खाली त्याच्यासारखी गाडी थांबली की अजून मी दिवा मालवून भिंतीला लागून उभी राहते. तो माझा मुलगा आहे. शबातला मेणबत्त्या लावताना त्याच्यासाठीही मागते, आणि त्याच वेळी दाराला कडी घातली आहे ना ते बघते. दोन्ही खरं आहे.

आता का लिहिते आहे ते सांगते. दोरोनला बोललेलं मराठी सगळं कळतं, पण वाचता येत नाही. तू मुंबईच्या शाळेत शिकलीस म्हणून तुला येतं. या देशात तुझ्या माझ्यात त्याला न कळता काही जाऊ शकतं तर ते एवढंच. हे तुझ्या हाती पडेल त्या रविवारी सकाळी तो मिलुइमला, सैन्याच्या राखीव सेवेला, गेलेला असेल; मागच्या महिन्यात त्याने स्वतःच सांगितलं होतं. मध्येच सुट्टीवर येऊ शकतो, म्हणून वाट बघू नकोस. सोमवारी नोआला गानमध्ये, बालवाडीत, सोडायला म्हणून नीघ आणि तिला घेऊन इकडे ये. तुझं ओळखपत्र आणि नोआची औषधं घे, बाकी काही घेऊ नकोस. नाओमीचा नवरा गाडीने आणून सोडील, त्याच्याशी बोलणं झालं आहे. ओशरात तुझ्यासाठी कोर्टात अर्ज करणार आहे, त्याने तुमच्या जवळ येऊ नये म्हणून. पण तो निकाल येईपर्यंत तू राहशील कुठे, हाच प्रश्न होता ना? तुला वाटेल, वेडी झाली आहे ही, मला त्याच्याच घरात बोलावते! पण पप्पांनी लिहिलं आहे, "हिल्डा आणि ती ज्यांना सोबत ठेवील ते." ओशरातने ती ओळ मला तीनदा वाचून दाखवली. हे घर त्याच्या नावावर आहे, आणि आख्ख्या इस्राएलमध्ये हेच एक घर आहे जिथे मला विचारल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. मागच्या खोलीत तुमच्या दोघींच्या गाद्या घातल्या आहेत. एक मात्र तुला खोटं सांगणार नाही. हे सगळं मी आहे तोवरच. माझा श्वास थांबला की त्याच दिवशी दार त्याचं. डॉक्टरने मागेच छातीची तपासणी सांगितली होती, ती मी या सोमवारी करून आले. गोळ्या वेळेवर घेतल्या आणि रोज चाललात तर अजून बरीच वर्षं आहेत, असं म्हणाला. गेली तीन वर्षं मी मरायला घाबरत नव्हते, बाय, जगायला घाबरत होते. आता मरायची भीती वाटते, कारण नोआ मोठी व्हायची आहे. तिला तोंडावर हात न ठेवता मोठं व्हायचं आहे, आणि तेवढं मला जगायचं आहे. ये.

तुझीच,
सासू म्हणून नव्हे, आई म्हणून,
हिल्डा